औषध खरं की खोटं, हे ठरवतं कोण? नायजेरियाच्या डोरा अकुन्यिलींची गोष्ट, सोप्या भाषेत

ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याची लहान लहान मुलं नागपूरच्या हॉस्पिटलांमध्ये आणली जात होती. साधा खोकला, थोडा ताप, डॉक्टरने लिहून दिलेलं सिरप, आणि मग दोन-चार दिवसांत लघवी बंद. वीसहून जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. तपासणीत कळलं की त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं विषारी रसायन होतं, तेही ४८.६ टक्के, जिथे मर्यादा ०.१ टक्के आहे. त्या दिवसांत प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, अरे हे बाजारात आलंच कसं, बघणारं कोणी आहे की नाही?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलं की मला कायम एक बाई आठवतात आणि त्या आपल्याकडच्या नाहीत, पश्चिम आफ्रिकेतल्या आहेत. डोरा अकुन्यिली. शिक्षणाने फार्मासिस्ट, पेशाने प्राध्यापक, मग सरकारी अधिकारी, मग मंत्री, मग निवडणुकीला उभ्या. औषधावर सरकारचं लक्ष असणं म्हणजे नेमकं काय हे मला कुठल्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा त्यांच्या कारकिर्दीवरून जास्त कळलं, म्हणून तीच सांगतो, जरा मोठी आहे पण वाचा.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ

आपण बाजारात वांगी घ्यायला गेलो तर उचलून बघतो, दाबून बघतो, घरी येऊन कापल्यावर किडकं निघालं तर फेकून देतो. दुधात पाणी असेल तर साय येत नाही. पण गोळीचं काय? गोळी पांढरी आहे, गोल आहे, पाकिटावर नाव छापलंय, बास. आत औषध आहे का खडू आहे, पूर्ण आहे का अर्धंच आहे, हे तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मेडिकलवाल्याला आणि डॉक्टरलाही नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी लॅब लागते.

त्यात आणखी एक गोष्ट. औषध घेऊन माणूस बरा झाला नाही तर आपण औषधाला दोष देतच नाही, आपण म्हणतो आजारच वाढला होता, उशीर झाला होता. किडकं वांगं पकडलं जातं, खोटी गोळी पकडली जात नाही. म्हणून खोटं औषध विकणाऱ्याला जी मोकळीक मिळते ती दुसऱ्या कुठल्याच भेसळीत नाही.

"खोटं औषध" म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

इथे दोन शब्द नीट समजून घेऊ, मग पुढे सोपं जाईल. आंब्याचं उदाहरण घ्या. देवगडचा शिक्का मारलेल्या पेटीत दुसरीकडचा आंबा भरून विकला तर ती सरळ फसवणूक, हे झालं नकली औषध. म्हणजे नाव, कंपनी, देश किंवा आतला माल याबद्दल मुद्दाम खोटं बोललेलं. आणि पेटी खरंच देवगडची आहे, बागही खरी आहे, पण अढीत लक्ष न दिल्यामुळे आंबा नासलाय, तर ते झालं निकृष्ट औषध. कंपनी खरी, परवाना खरा, पण बनवताना हलगर्जीपणा झाला किंवा उन्हातान्हात ठेवून माल खराब झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये जो अंदाज दिला त्यात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहा औषधांमागे साधारण एक या दोनपैकी एका प्रकारचं असतं. दहात एक. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात किती पाकिटं असतात ते मोजा म्हणजे हा आकडा अंगावर येतो.

फरक कळणं यासाठी महत्त्वाचं की दोन्हींचा उपाय वेगळा आहे. नकलीच्या मागे पोलीस, कस्टम, धाडी लागतात. निकृष्टच्या मागे कारखान्याची तपासणी आणि लॅब लागते. आणि मेलेल्या मुलाच्या आईला यातला फरक काहीच नसतो, हेही तितकंच खरं.

या बाई होत्या कोण?

डोरा अकुन्यिलींचा जन्म १४ जुलै १९५४ चा, नायजेरियातल्या मकुर्डी शहरातला. मूळ गाव अनाम्ब्रा राज्यातलं, लोक इग्बो भाषेचे. लहानपणी त्यांना शिकायला गावी नातेवाइकांकडे ठेवलं होतं, म्हणजे शहरातलं घर सोडून खेडं, आपल्याकडेही आधीच्या पिढीत कित्येक मुलं अशी मामाकडे काकांकडे वाढली. एन्सुका इथल्या नायजेरिया विद्यापीठातून फार्मसीची पदवी घेतली, एनुगुच्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट म्हणून काम केलं, १९८५ मध्ये पीएचडी झाली, विषय होता पारंपरिक वनस्पती औषधांचा अभ्यास. मग मेडिकल कॉलेजात शिकवणं, सहा मुलांचा संसार, नवरा डॉक्टर. एवढंच राहिलं असतं तर आपल्याला त्यांचं नाव कधी कळलंही नसतं.

१९८८ मध्ये त्यांची धाकटी बहीण गेली. एकवीस वर्षांची, डायबिटीस होता, इन्सुलिनवर होती. आणि जे इन्सुलिन टोचलं ते नकली निघालं.

हे जरा थांबून समजून घ्या. ज्याच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही त्याला ते बाहेरून रोज द्यावंच लागतं, नाहीतर रक्तातली साखर चढत जाते, रक्त आम्लधर्मी होतं आणि माणूस बेशुद्ध पडतो. माझ्या आईचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात असतं, अंड्यांच्या शेजारी, आणि ती रोज सकाळी काही न बघता सुई भरते. ती बाटलीवर विश्वास ठेवते म्हणूनच ती जगते. त्या बाटलीत नुसतं पाणी असलं तर? टोचताना काहीच कळणार नाही. घरातली सख्खी बहीण फार्मासिस्ट, औषधशास्त्र शिकवणारी, आणि तिलाही ते वाचवता आलं नाही. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा मला वाटतं की पुढचं सगळं या एका गोष्टीतून आलंय.

मग त्यांना एवढं मोठं पद दिलं कोणी आणि का?

यामागे एक किस्सा आहे आणि तो नायजेरियात खूप सांगितला जातो. १९९० च्या दशकात बाई पेट्रोलियम ट्रस्ट फंड नावाच्या सरकारी संस्थेत काम करत होत्या. तेव्हा त्या आजारी पडल्या, लंडनला ऑपरेशन करायचं ठरलं आणि संस्थेने १७ हजार पौंड दिले, ५ हजार तपासण्यांचे आणि १२ हजार ऑपरेशनचे. तिकडे गेल्यावर डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही. बाईंनी १२ हजार पौंड परत आणून संस्थेत भरले.

त्या काळात नायजेरियात ही गोष्ट इतकी न ऐकलेली होती की ती थेट राष्ट्राध्यक्ष ओबासान्जोंच्या कानावर गेली आणि एप्रिल २००१ मध्ये त्यांनी बाईंना नाफडॅकच्या महासंचालक केलं.

नाफडॅक म्हणजे नायजेरियाची अन्न आणि औषध नियामक संस्था. नियामक म्हणजे काय? क्रिकेटचा अंपायर डोळ्यासमोर आणा. तो बॅटिंग करत नाही, बॉलिंग करत नाही, पण त्याच्याशिवाय मॅच होत नाही, आणि अंपायर विकला गेला तर दोन्ही टीम कितीही चांगल्या असल्या तरी खेळाला अर्थ उरत नाही. आपल्याकडे हे काम राज्यात एफडीए करतं आणि वर केंद्राची औषध नियंत्रण संस्था आहे. नायजेरियात नाफडॅक १९९३ च्या कायद्याने आली, म्हणजे बाई आल्या तेव्हा अंपायर मैदानात होता पण त्याचा निर्णय कोणी मानत नव्हतं.

परिस्थिती किती वाईट? २००१ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, नायजेरियातल्या ३५ फार्मसींमधून ५८१ नमुने घेतले होते, त्यातले २७९ म्हणजे ४८ टक्के ठरलेल्या मापात बसले नाहीत. आणि ही फार्मसीची गोष्ट आहे. रस्त्यावरची, बसमध्ये टोपली घेऊन गोळ्या विकणाऱ्यांची नाही. त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी, १९९० मध्ये, नायजेरियात पॅरासिटामॉल सिरपमुळे मुलं गेली होती, रसायन तेच, डायइथिलीन ग्लायकॉल. आजूबाजूच्या देशांनी तर नायजेरियात बनलेली औषधं घेणंच बंद केलं होतं.

त्यांनी नेमकं काय केलं? पाकिटावरचा एक नंबर

बाईंनी केलेलं काम मी चार वाक्यांत सांगू शकतो पण त्यामागचा विचार जास्त महत्त्वाचा आहे. औषध कारखान्यातून निघून तुमच्या तोंडात जाईपर्यंत सात-आठ हात बदलतात, कारखाना, निर्यातदार, जहाज, बंदर, घाऊक व्यापारी, छोटा व्यापारी, दुकान. पाण्याच्या पाइपलाइनसारखं समजा. घाण कुठल्याही एका सांध्यातून शिरली तरी नळाला येणारं पाणी खराबच. नुसता शेवटचा नळ बदलून काही होत नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक सांध्याला हात घातला.

सुरुवात उगमापासून. नायजेरियात येणारा बराच माल भारत आणि चीनमधून यायचा, तर तिथेच, जहाजात चढण्याआधीच, माल तपासून सर्टिफिकेट देणारे तपासनीस नेमले. आयात ठरावीक बंदरं आणि विमानतळांवरूनच करायची, म्हणजे डोळे ठेवायच्या जागा कमी. दोषी सापडलेल्या भारतातल्या आणि चीनमधल्या कित्येक कंपन्यांवर बंदी. मग बाजारात धाडी, आणि जप्त केलेल्या मालाची सगळ्यांसमोर होळी. ही होळी कशाला, तर गोदामात ठेवलेला माल मागच्या दाराने परत बाजारात येतो हे सगळ्यांना माहीत होतं, आणि दुसरं म्हणजे लोकांना ते दिसायला हवं होतं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे नाफडॅक नंबर. नोंदणी केलेल्या प्रत्येक वस्तूवर हा नंबर हवा. औषधच नाही, नायजेरियात रस्त्यावर जी पाण्याची छोटी पाऊच मिळतात, त्यांना तिथे प्युअर वॉटर म्हणतात, त्यावर पण. रेडिओवर, टीव्हीवर, वर्तमानपत्रात जाहिराती, खऱ्या आणि खोट्या पाकिटात फरक काय याच्या याद्या, शाळांमध्ये मुलांचे क्लब. आपल्याकडे जशी सोन्यावर हॉलमार्क बघायची सवय लोकांना लागली तशी तिथे पाण्याच्या पाऊचवर सुद्धा नंबर बघायची सवय लागली. मला हे काम धाडींपेक्षा मोठं वाटतं, कारण धाड एक दिवस चालते पण आई जेव्हा मुलाच्या हातातली पिशवी उलटी करून नंबर बघते तेव्हा देशात कोट्यवधी इन्स्पेक्टर तयार झालेले असतात आणि त्यांना पगार द्यावा लागत नाही.

"पण बाजार बंद केले तर गरिबाने औषध घ्यायचं कुठून?"

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो खोटा नाही. नायजेरियातली औषधांची घाऊक विक्री मोठ्या उघड्या बाजारांतून होते, अनाम्ब्रातला ओनिचाचा बाजार, लागोसमधला इदुमोटा, आबा शहरातला अरियारिया. छपराखाली पोत्यांसारखी औषधांची खोकी, वर पत्रा तापलेला, आणि तिथून गावोगावच्या छोट्या दुकानात माल. गावातल्या त्या परवाना असलेल्या नसलेल्या छोट्या दुकानदाराला लोक तिथेही केमिस्टच म्हणतात. डॉक्टर लांब, सरकारी दवाखान्यात औषध नाही, मग हाच केमिस्ट गरिबाचा डॉक्टर. त्याला बंद केलं तर गरीब जाणार कुठे?

पण दुसरी बाजू बघा. मलेरियाचं औषध अर्ध्या ताकदीचं असेल तर रुग्णाचे पैसे गेले, ताप उतरला नाही, आणि वरून त्याच्या रक्तातले जंतू त्या अर्ध्या औषधाला सरावले, म्हणजे उद्या खरं औषध आणलं तरी ते चालणार नाही. अँटिबायोटिकचंही तेच. गरिबाला स्वस्त औषध हवं हे शंभर टक्के खरं, पण स्वस्तात मिळालेला खडू हे औषध नाही, ती गरिबाकडूनच केलेली चोरी आहे. माझं मत स्पष्ट आहे, बाजार बंद करणं बरोबर होतं, पण त्याबरोबर सरकारी दवाखान्यात औषध पोचवायला हवं होतं आणि ते काम नाफडॅकचं नव्हतं, सरकारचं होतं, ते पुरेसं झालं नाही.

२००७ मध्ये त्यांनी ओनिचाचा बाजार तीन महिने बंद ठेवला. लक्षात घ्या, ओनिचा त्यांच्या स्वतःच्या राज्यातलं, व्यापारी त्यांच्याच भाषेचे, त्यांच्याच माणसांतले. आपल्या जिल्ह्याच्या बाजारपेठेला कुलूप लावायचं आणि मग सणाला गावी जायचं, ही हिंमत वेगळीच लागते.

गोळी डोक्याच्या फडक्यातून गेली

आणि गावी जातानाच ते झालं होतं. २६ डिसेंबर २००३, नाताळचा दुसरा दिवस, बाई अनाम्ब्रात गावाकडे निघालेल्या, आणि बंदुकवाल्यांनी गाडीवर गोळ्या झाडल्या. त्यांच्याकडच्या बायका डोक्याला फडकं बांधतात, मोठं, सणासुदीचं. एक गोळी त्या फडक्यातून टाळूला घासून गेली. त्या वाचल्या. जवळच्या एका बसचा ड्रायव्हर मात्र मेला, त्याचा या कशाशी काही संबंध नव्हता.

२००४ मध्ये नाफडॅकच्या लॅब आणि ऑफिसांवर हल्ले झाले, आगी लागल्या. तरी त्या २००८ च्या डिसेंबरपर्यंत त्या खुर्चीत होत्या. २००३ मध्ये भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचा प्रामाणिकपणाचा पुरस्कार मिळाला, शेजारच्या देशांनी नायजेरियन औषधांवरची बंदी उठवली. नाफडॅकचा स्वतःचा दावा असा की २००१ ला ४१ टक्क्यांच्या आसपास असलेली नकली औषधं २००६ पर्यंत १६.७ टक्क्यांवर आली. हा संस्थेनेच दिलेला आकडा आहे तेव्हा तो त्याच नजरेने बघा, पण घट झाली हे बाहेरचेही मान्य करतात.

"म्हणजे ही सगळी भारताची बदनामीच ना?"

मराठी वाचकाला हा प्रश्न पडणारच, आणि पडायला हवा, कारण देशातल्या कितीतरी औषध कंपन्यांची ऑफिसं मुंबईत आहेत आणि कारखाने ठाणे-पालघरपासून औरंगाबाद-नाशिकपर्यंत पसरलेत.

तर पहिली गोष्ट, जेनेरिक म्हणजे नकली नाही. औषध शोधणाऱ्या कंपनीला काही वर्षं एकटीने विकायचा हक्क मिळतो त्याला पेटंट म्हणतात, तो संपल्यावर किंवा कायद्याने मुभा असेल तिथे दुसऱ्या कंपन्या तेच औषध बनवतात, ते जेनेरिक. पाककृती तीच, फक्त हॉटेलचं नाव वेगळं म्हणून दर कमी. फेब्रुवारी २००१ मध्ये, म्हणजे बाई नाफडॅकमध्ये यायच्या दोनच महिने आधी, मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीची तीन औषधांची ट्रीटमेंट वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ असं जाहीर केलं, जिच्यासाठी तोपर्यंत १० हजार डॉलरच्या वर पडत होते. आफ्रिकेत त्यामुळे किती जीव वाचले असतील याचा विचार करा. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

दुसरी गोष्ट, पेटीवरचा शिक्का. २००९ मध्ये, बाई मंत्री झाल्यानंतर, नाफडॅकने मलेरियाच्या नकली औषधांचा साठा पकडला, वर छापलेलं मेड इन इंडिया आणि माल बनलेला चीनमध्ये. भारत सरकारने चीनकडे तक्रार केली. देवगडच्या पेटीचं उदाहरण मी उगाच नव्हतं दिलं.

पण तिसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं खोटेपणाचं होईल. २०२२ मध्ये गांबियात, तोही पश्चिम आफ्रिकेतलाच छोटा देश, सुमारे सत्तर मुलं किडनी बंद पडून गेली आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हरियाणातल्या कंपनीच्या सिरपबद्दल इशारा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईतली एक कंपनी नशा लावणाऱ्या दोन औषधांची एकत्र गोळी बनवून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला पाठवतेय, जी गोळी जगात कुठेच मंजूर नाही. त्यानंतर धाड पडली आणि केंद्राने त्या मिश्रणाची निर्यात थांबवली. बातमी आल्यावर थांबवली. आणि आपल्या घरचं विसरू नका, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलात १४ रुग्ण ग्लिसरॉलमधल्या डायइथिलीन ग्लायकॉलने गेले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. १९८६ मुंबई, १९९० नायजेरिया, २०२२ गांबिया, २०२५ छिंदवाडा, रसायन एकच.

हे रसायन सिरपात येतंच कसं? सिरप घट्ट आणि गोडसर ठेवायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. डायइथिलीन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला गोड, पण कारखान्यात वापरायचं स्वस्त रसायन. कोणी मुद्दाम मिसळतो, कोणी आलेला ड्रम न तपासता ओततो. लॅबमध्ये ते ओळखायची चाचणी असते, कारखान्याने माल आत घेतानाच ती करायची असते. बाई जे भारतातच जहाजाआधी माल तपासा म्हणत होत्या तो आपला अपमान नव्हता, तसा आग्रह आपण स्वतः आपल्यासाठी धरायला हवा होता.

फार्मासिस्ट बाई राजकारणात कशाला गेल्या?

डिसेंबर २००८ मध्ये त्यांना माहिती मंत्री केलं. इथे त्यांचं काम बदललं, आता औषधाचं नाही, देशाचं नाव. नायजेरिया म्हटलं की जगाला ईमेलवरची फसवणूक आठवते, ते बदलायला त्यांनी २००९ मध्ये देशाची नवी ओळख घडवायची मोहीम काढली, घोषणा होती चांगली माणसं, महान देश. तिकडे खूप टीका झाली, लोक म्हणाले आधी वीज द्या, रस्ते द्या, मग घोषणा. मला वाटतं टीका करणारे बरोबर होते. नाफडॅकमध्ये नंबर छापण्याआधी माल तपासला जायचा, म्हणून नंबरला किंमत आली, इथे माल तसाच आणि नुसतं लेबल नवं, हे त्यांच्याच आधीच्या कामाशी जुळत नव्हतं.

पण त्याच खुर्चीत असताना त्यांनी एक अशी गोष्ट केली की राजकारणात जाणं फुकट गेलं नाही. राष्ट्राध्यक्ष यारअदुआ नोव्हेंबर २००९ मध्ये उपचाराला सौदी अरेबियात गेले ते महिनोन्‌महिने आलेच नाहीत. उपाध्यक्ष गुडलक जोनाथन होते पण त्यांच्याकडे अधिकार दिलेले नव्हते, म्हणजे घराची किल्ली परगावी आणि घरात कोणी सही करायला नाही. मंत्रिमंडळात सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. ३ फेब्रुवारी २०१० ला अकुन्यिलींनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत लेखी निवेदन मांडलं की अधिकार जोनाथन यांच्याकडे द्या. सहकारी खवळले. पण सहाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, संसदेने जोनाथन यांना हंगामी राष्ट्राध्यक्ष केलं. यारअदुआ पुढे मे महिन्यात वारले. १२ हजार पौंड परत करणारी बाई आणि ही बाई एकच, हे यात दिसतं.

वर्षअखेरीला राजीनामा देऊन त्या अनाम्ब्रातून सिनेटला उभ्या राहिल्या, २०११ च्या निवडणुकीत क्रिस एनगिगे यांच्याकडून थोडक्यात हरल्या, कोर्टकचेरी केली, तिथेही हरल्या. मार्च २०१४ मध्ये देशाच्या राज्यघटनेवर चर्चा करायला भरलेल्या राष्ट्रीय परिषदेत त्या आल्या तेव्हा इतक्या खंगलेल्या होत्या की फोटो बघून लोक हादरले. कॅन्सर होता. ७ जून २०१४ ला त्या गेल्या, भारतातल्याच एका हॉस्पिटलात. ज्या देशातल्या कंपन्यांशी आयुष्यभर भांडल्या तिथल्या डॉक्टरांवर आणि औषधांवर त्यांनी शेवटी विश्वास टाकला होता. साठही पूर्ण नव्हते.

"मग इतकं करून नकली औषध गेलं का?"

नाही गेलं. आणि हे त्यांच्याच काळातलं उदाहरण देऊन सांगतो. २००८ च्या शेवटी, त्या नाफडॅक सोडायच्या अगदी तोंडावर, माय पिकिन नावाचं बाळांच्या दात येण्यावरचं औषध बाजारात होतं, नायजेरियातच बनलेलं, नोंदणी असलेलं, नंबर असलेलं. त्यात तेच रसायन निघालं. ८४ बाळं गेली. म्हणजे नकली पकडायचं यंत्र उभं राहिलं होतं पण निकृष्टच्या सांध्यातून विष शिरलं. नंबर म्हणजे एकदा तपासल्याची खूण, दर खेपेला तपासल्याची नाही, एवढं यातून कळतं.

त्यांच्यानंतर काम पुढे गेलं हेही खरं. २०१० पासून पाकिटावर रिचार्ज कार्डासारखी पट्टी आली, खरवडायची, आतला कोड फुकट एसएमएस करायचा, खरं की खोटं उत्तर येतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरियाच्या नियामक व्यवस्थेला चारपैकी तिसरी पायरी दिली, म्हणजे नीट चालणारी, भरवशाची. आपल्याकडे ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यात जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, घरी असलेल्या पाकिटावर बघा, असेल तर स्कॅन करा, बॅच नंबर आणि तारीख जुळते का बघा. खोकल्याचं सिरप लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, आणि बिल घ्या, कारण बॅच नंबर लिहिलेलं बिल नसेल तर पुढे काही झालंच तर कोणालाच माग काढता येत नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये ओनिचात त्यांच्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवलं होतं. त्यांचे पती, डॉक्टर चिके अकुन्यिली, तिथे गेले होते. परतीच्या वाटेवर बंदुकवाल्यांनी त्यांना गाठून मारलं.

आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नाफडॅकने ओनिचा, आबा आणि इदुमोटा, तिन्ही बाजार पुन्हा सील केले. महासंचालक मोजिसोला अडेयेये, याही बाई, याही फार्मसीच्या प्राध्यापक. ट्रकच्या ट्रक भरून माल निघाला.